अकोल्याला पाठवलेलं भरीव टिंब

माझे वडील अमरावतीत वैद्य होते, त्यांचे वडीलही वैद्य होते, आणि दोघांची मिळून पोथी एकच होती. लाल फडक्यात बांधलेली ती पोथी देवघरात देवांच्या शेजारी असायची. मूळ ग्रंथ कोणा पूर्वजानं कुठून तरी उतरवून आणलेला, पण आमच्या घरात मोल होतं ते समासातल्या ओळींना. कोणत्या रोग्याला काय दिलं आणि पुढे काय झालं, हे आधी आजोबांनी आणि मग वडिलांनी तिथे बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं. बहुतेक ओळींच्या शेवटी दोनच शब्द: गुण आला. लहानपणी मला वाटायचं, आमच्या घराण्याच्या हातून कधी कोणी दगावलंच नाही. वडिलांनाही थोडंफार तसंच वाटत असावं.

हा भ्रम घालवला तो अकोल्याहून आलेल्या माझ्या मित्रानं. तो माझ्याच वयाचा, तिकडच्या एका वैद्याचा धाकटा मुलगा. वडील वारले, थोरल्या भावाला वैद्यकीत रस नव्हता, म्हणून याला शिकायला आमच्याकडे धाडलं. पाच वर्षं तो आमच्या घरी राहिला. जेवताना माझ्या डाव्या हाताला त्याचं ताट असे. आज मी सत्तरी ओलांडली आहे, तरी पाटावर बसताना डावीकडे जागा सोडूनच बसतो. सुनेला वाटतं, म्हाताऱ्याच्या कमरेत काहीतरी दुखतंय. मी तिला तसंच वाटू देतो.

येऊन महिनाही झाला नसेल, तोच त्यानं पोथी वाचता वाचता वडिलांना विचारलं, "काकाजी, जे मेले त्यायचं कुठी लिवलं हाय?"

वडिलांच्या हातातला बत्ता थांबला. "काय म्हणतं?"

"नाही, बरे झाले ते दिसून राहिले. मेले ते काहून नाहीत?"

"धनत्रयोदशीले पूजा करतो आपण या पोथीची," वडील म्हणाले. "हळदकुंकू वाहतो. तिच्यात मढ्याचं नाव लिवू? अक्कल हाय का तुले?"

बाहेर अंगणात आल्यावर तो मला म्हणाला, "पूजा त सारेच वैद्य करते. म्हणजे साऱ्या वऱ्हाडातल्या पोथ्या चाळल्या तरी मेलेला माणूस एक सापडाचा नाही. आन् तिकडे मसणात पाय ठेवाले जागा नाही."

मी खूप हसलो. त्यानं मात्र दुसऱ्याच दिवशी बाजारातून दौलताबादी कागद आणले, शिवून वही केली, आणि ती देवघरात न ठेवता आमच्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवली. पूजेची वस्तू झाली की खोटं बोलायला लागते, असं त्याचं म्हणणं होतं. त्या वहीत मेलेलेही लिहायचे. शिवाय त्यानं एक खूण ठरवली. जे आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, त्या ओळीपुढे शाईनं भरलेलं भरीव टिंब. जे दुसऱ्याकडून ऐकलं किंवा कोणाच्या पोथीत वाचलं, त्याच्यापुढे नुसतं पोकळ वर्तुळ. सांगणारा कितीही मोठा असो, वर्तुळ पोकळच.

या बाबतीत तो फार कडू होता. एकदा मी मोठ्या हौसेनं लिहिलं की परतवाड्याकडच्या एका वैद्यानं साप चावलेला माणूस अमुक मुळीनं बरा केला. यानं वाचलं आणि विचारलं, "तू होता काय तिथं?"

"मी नव्हतो. पण सांगणारा माणूस खोटं बोलणारा नाही."

"नसंल बोलत. पण साप इषारी होता, हे त्याले सापानं सांगतलं का?"

मी चिडलो, आणि मुकाट्यानं वर्तुळ पोकळ ठेवलं. अशा वेळी त्याच्या पाठीत एक गुद्दा घालावा असं वाटायचं. आता वाटतं, त्यानं रोज सकाळी येऊन मला असं चिडवावं आणि मी रोज हरावं.

पाच वर्षांनी तो अकोल्याला परत गेला. तिथे त्याचं लग्न झालं, वैद्यकी सुरू झाली. इकडे माझंही लग्न झालं. सकाळी मी सरकारी दवाखान्यात औषधं कुटायला आणि पुड्या बांधायला जात असे, दुपारनंतर वडिलांच्या हाताखाली. वही आम्ही उसवून निम्मी निम्मी वाटून घेतली होती, आणि नवीन काही कळलं की पत्रानं एकमेकांना कळवायचं असं ठरलं होतं.

पत्रं पोचवायची सोय त्या दिवसांत अशी झाली होती की बोलू नका. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि विलायतेच्या गिरण्यांना आमचा कापूस आठवला. अमरावतीच्या बाजारात एवढ्या गाड्या लागायच्या की दवाखान्यात जायला मला बैलांच्या पोटाखालून वाट काढावी लागे. लोकांच्या अंगावर, केसांत, डाळीत, दह्यात, जिथे पाहावं तिथे कापसाचे तंतू. गाड्या भरल्या की अकोल्यावरून पुढे खामगावाकडे, मुंबईच्या वाटेला लागायच्या. कोणत्याही गाडीवानाच्या मुंडाशात पत्र खोचलं की तीन-चार दिवसांत ते माझ्या मित्राच्या हातात.

त्याच्या पत्रांत अर्धं वैद्यक असे आणि अर्धी तक्रार. अकोल्याकडचं पाणी खारं, डाळ शिजत नाही, तुमच्या अंगणातल्या विहिरीची आठवण येते, तुझी आई अजून ताकात आलं घालते का, असं सगळं. वैद्यकाचा भाग मी वडिलांना वाचून दाखवत असे. तक्रारीचा भाग मी एकटाच दोन-दोनदा वाचायचो.

एका वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याचं पत्र आलं, त्यात तक्रार नव्हती. गाड्यांची गर्दी, उघड्यावर पडलेली माणसं, एकाच डबक्यावर माणसं आणि बैल. यंदा पटकी, म्हणजे कॉलरा, येणार असं त्याला वाटत होतं. त्याला एकाच गोष्टीचं उत्तर हवं होतं. पटकीचा रोगी पाणी पाणी करतो. द्यावं की बंद करावं?

तुम्ही आजचे लोक म्हणाल, यात विचारायचं काय? पण तेव्हा ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मी आमच्या पोथीपासून सुरुवात केली. एका पानावर लिहिलं होतं, पाणी बंद, गुण आला. दहा पानं सोडून आजोबांच्याच अक्षरात होतं, धण्याचं उकळून निववलेलं पाणी चमच्या-चमच्यानं, गुण आला. वडिलांना विचारलं तर म्हणाले, बंदच करायचं, धण्याचं पाणी ही आजोबांची म्हातारपणची हळवी लहर. कारंज्याच्या एका वैद्याकडे जुनी पोथी होती असं ऐकलं, म्हणून तिथे गेलो. पोथी घराबाहेर न्यायची नाही, आंघोळ करून सोवळ्यानं बसायचं, आणि पान उलटायचं ते घरच्याच माणसानं. दोन दिवस तसा बसलो. त्यात पाणी बंद. पण बारकाईनं पाहिलं तर ओळ शब्दाला शब्द आमच्या पोथीतलीच होती. दोघांनी एकाच ठिकाणाहून उतरवलेली. दोन साक्षीदार समजून गेलो, तर निघाला एकच.

शेवटी दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं. ते मद्रासेकडचे, बोलायचे हिंदुस्थानीत. त्यांच्याकडे टपालानं छापील इंग्रजी चोपडी यायची. मला वाटलं, छापलेलं आहे म्हणजे तिथे तरी एक निकाल असेल. त्यांनी तीन-चार अंक काढले, चष्मा पुसला, बराच वेळ वाचलं आणि म्हणाले, "भाई, किताब में दोनों लिखा है. एक साहब बोलता पानी दो, दूसरा साहब बोलता मत दो."

"और आप?"

"मैं मत दो वालों में हूँ," ते म्हणाले. "मगर देखा नहीं है, पढ़ा है."

त्या माणसाबद्दल मला तेव्हापासून आदर वाटू लागला.

हे सगळं मी लिहून कळवलं. मित्राचं उत्तर आलं: इतकी पानं पाठवलीस आणि सारी वर्तुळं पोकळ. उचलली जीभ लावली टाळ्याला, असेच सारे. आपल्याला रोग्याशेजारी बसून पाहिलेलं एक तरी भरीव टिंब पाहिजे. माझ्याकडे आधी सापडलं तर मी पाठवतो, तुझ्याकडे सापडलं तर तू पाठव.

त्याच वैशाखात ते माझ्या घरात सापडलं.

बायकोला सकाळी उलट्या सुरू झाल्या. दिवस दोन हात वर येईपर्यंत तिचे डोळे खोल गेले आणि हातापायांत गोळे येऊ लागले. वडिलांनी नाडी पाहिली आणि ते बाहेर जाऊन उभे राहिले. मी अफू-कापराची गोळी दिली. ती पाणी मागत होती. आमच्या लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती आणि त्या चार वर्षांत तिनं माझ्याकडे स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं. आता मागत होती ते पाणी, आणि मी नाही म्हणत होतो. पोथीत बंद, वडील म्हणतात बंद, डॉक्टर म्हणतात बंद, एवढ्यावर मी तिच्या खोलीतला माठ उचलून बाहेर नेऊन ठेवला. आईला बजावलं, काही झालं तरी थेंब द्यायचा नाही. तेवढ्यात दवाखान्याचा शिपाई आला. बाजारात गाडीवान पटापट आडवे पडत होते, डॉक्टरांनी ताबडतोब बोलावलं होतं. मी गेलो. गेलो नसतो तर, असा विचार मी पुढे फार केला.

दिवेलागणीला परत आलो. घरातून रडणं ऐकू येत नव्हतं. आत गेलो. ती पडून होती, पण तिच्या डोळ्यांत ओळख होती. "जेवले का तुमी?" तिनं विचारलं. मी तिच्या पायाशी बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. दोन दिवसांनी ती भिंत धरून उठली.

आईला विचारलं, "पाणी?" आई म्हणाली, "तू सांगतलं तसंच केलं." बायकोनंही मान हलवली.

तिसऱ्या दिवशी मी अकोल्याला पत्र लिहिलं. रोगी माझ्याच घरातला. पाणी थेंबभर दिलं नाही. गुण आला. आणि पुढे टिंब काढलं, ते इतकं दाबून की बोरूचं टोक मोडलं. बायको वाचल्याचा आनंद तर होताच, पण खरं सांगायचं तर आधी टिंब सापडलं ते मला, त्याला नाही, याचाही आनंद होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी जिंकलो होतो.

त्याचं उत्तर दहा दिवसांत आलं. वहिनी वाचल्या हे वाचून घरात गूळ वाटला, असं त्यानं लिहिलं होतं. टिंब पोचलं. इकडे रोगी सुरू झाले आहेत, आजपासून मीही पाणी बंद करतो. इथल्या आणखी दोघा वैद्यांनी तुझं पत्र उतरवून घेतलं आहे.

त्याचं अक्षर मी पाहिलं ते हे शेवटचं. पुढचा निरोप आणला तो कापूस उतरवून परत येणाऱ्या एका गाडीवानानं, आणि तोंडी आणला. मी त्याला तीनदा विचारलं, कोण गेलं, नीट सांग. तिन्ही वेळा त्यानं तेच घर सांगितलं.

तेराव्याला मी अकोल्यात होतो. त्याच्या थोरल्या भावानं सगळं सांगितलं. मित्र घरोघर फिरून रोगी पाहत होता, मग स्वतःच पडला आणि एका दिवसात संपला. "पण तुमच्या पत्राचा मान ठेवला हो," भाऊ म्हणाला. "पाणी मागे, पण धाकट्याच्या बायकोनं थेंब देल्ला नाही. मी इचारलं तिले नंतर. नाही म्हणे. घरच्या बाईनं असं असाव." त्याची बायको, माझ्या वहिनी, आतल्या खोलीत होत्या. त्या दिवशी त्यांच्याशी बोलणं होणार नव्हतं. मी निघालो.

तीन दिवस गाडीत बसून मी एकच हिशेब मनाशी मांडत होतो. उपाय बरोबर होता, माणूस मात्र वाचला नाही. होतं असं कधी कधी. रोगाचं बळ जास्त. स्वतःला समजावण्यात मी वडिलांपेक्षाही तरबेज निघालो.

घरी आलो. बायको चुलीपुढे तुरीची डाळ निवडत बसली होती. मी म्हणालो, "त्यानंही पाणी घेतलं नाही. शेवटपर्यंत नियम पाळला. तरी गेला."

तिच्या हातातलं सूप खाली आलं. डाळ सगळीकडे पसरली. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मी पेले होते."

"काय?"

"तुमी दवाखान्यात गेले, मंग आईंनी देल्लं. लय देल्लं. दिवसभर देत होत्या. तुमाले सांगू नोको म्हणाल्या, तुमी अन् मामंजी रागवाल म्हणून."

मी आईकडे गेलो. आई देवापुढे वाती वळत होती. वात तशीच वळत ती म्हणाली, "पोर तडफडून राहिली होती. मी काय पोथी वाचली का तुही? तहान लागली, पाणी पाजलं." मग हात थांबवून तिनं विचारलं, "काहून? वाचली ना?"

वाचली होती. आईवर रागवायला मला तोंड नव्हतं. बायकोवर तर नव्हतंच. राग आला तो स्वतःचा, आणि तो अजून गेलेला नाही. ज्या सबंध दिवसाबद्दल मी टिंब भरलं, तो दिवस मी बाजारात गाडीवानांमध्ये काढला होता. पाणी दिलं नाही हे मी पाहिलंच नव्हतं, फक्त ऐकलं होतं. सापाची गोष्ट आठवून जो माणूस मला हसला असता, त्यालाच मी ते पाठवलं, आणि त्यानं पहिल्यांदाच मला विचारलं नाही, तू होतास का तिथे? माझ्यावर भरवसा ठेवला. माझी खात्री झाली की मी त्याला तहानेनं मारलं.

माझं पत्र उतरवून घेणाऱ्या अकोल्याच्या दोघा वैद्यांना मी लगेच लिहिलं: टिंब खोटं आहे, ओळ खोडावी, रोगी पाणी पिऊन वाचला. एकानं खोडली. दुसऱ्यानं उलट लिहिलं की रोगी वाचला ना, मग आता मागचं उकरून कशाला काढता? आणि पोथीत लिहिलेलं खोडत नसतात.

मी माझ्या निम्म्या वहीतही दुरुस्ती केली. पाणी प्याली, वाचली. पण पाण्यानं वाचली की पाणी पिऊनही वाचली, हे त्या एका ओळीवरून मला सांगता येईना. मित्र असता तर या एका प्रश्नावर आम्ही अख्खा पावसाळा भांडलो असतो. तो नव्हता. गाडीवान अजूनही दारावरून जात होते आणि विचारत होते, "अकोल्याले काही द्याचं हाय का, महाराज?" मी नाही म्हणत असे. कधी कधी काही नसताना उगीच त्यांना थांबवून विचारत असे, तिकडे पाणी-पाऊस कसा आहे.

आता राहिल्या होत्या वहिनी. त्यांना सांगावं की नाही? बायको म्हणाली, "सांगू नोका. त्यायच्या हातानं त्यायनं पाणी तोडलं. आता तुमी जाऊन सांगाल, देल्लं असतं त कदाचित वाचले असते. मंग त्या बाईनं जगाव कशी?" पण वहिनींच्या पदरात एक मुलगी होती. पटकी पुन्हा आली आणि त्या पोरीनं पाणी मागितलं, तर तिलाही माझं पत्रच आडवं येणार होतं. रोज सकाळी ठरवायचो, जायचं. रोज संध्याकाळी ठरवायचो, नको. असं करत वर्ष काढलं. भित्रेपणा याहून वेगळा काही असतो असं मला वाटत नाही.

पुढच्या चैत्रात अकोटकडे दोन-तीन गावांत पटकी लागल्याची बातमी दवाखान्यात आली. त्याच दिवशी मी अकोल्याची गाडी धरली.

थोरले भाऊ शेतावर गेले होते. मी ओसरीवर बसलो. वहिनी आतल्या दाराआड येऊन उभ्या राहिल्या. रीतीप्रमाणे दार अर्धं लोटलेलं. मला दिसत होतं ते फक्त त्यांच्या अलवणाचं काठ नसलेलं टोक आणि दाराची कडी धरलेली बोटं.

मी वाटेत पुष्कळ शब्द जुळवले होते. ते सगळे गेले. मी सरळ सांगितलं. "वहिनी, मी त्याला खोटं लिहिलं होतं. जाणून नाही, पण खोटं. माझी बायको पाणी प्याली होती. माझ्या आईनं मला न सांगता पाजलं होतं. ती पाणी पिऊन वाचली."

कडीवरची बोटं हलली नाहीत. बाहेर रस्त्यानं कापसाच्या गाड्या चालल्या होत्या, त्यांची कुरकुर तेवढी येत होती.

"म्हणजे," त्या सावकाश म्हणाल्या, "पाणी पेलं तरी माणूस वाचते?"

"वाचतो. प्रत्येक जण वाचतो असं मी सांगत नाही. पण वाचतो. मुलीला कधी काही झालं तर द्या. मागेल तेवढं द्या."

"मंग भाऊजी," त्यांचा आवाज एकदम बारीक झाला, "मी नाही मारलं त्यायले?"

मला कळेचना त्या काय विचारतायत.

"मी देल्लं होतं पाणी," त्या म्हणाल्या. "मोठे भाऊजी शेजारच्याले मसणात पोचवाले गेल्ते. घरात मीच होती. हे मागत होते. मले पाहवलं नाही. तांब्याभर पेले, मंग अजून एक. दिवस कलता कलता गेले. मोठ्या भाऊजींनी इचारलं, पाणी त देल्लं नाही ना? मी नाही म्हटलं. तवापासून मले वाटे, पत्रात बंद लिवलं होतं, अन् मी पाजून मारलं."

एक वर्ष मी अमरावतीत समजत होतो की त्याला मी मारलं, आणि तेच वर्ष ही बाई अकोल्यात समजत होती की तिनं मारलं. "नाही, वहिनी," मी म्हणालो. "पाण्यानं नाही गेला तो. नक्की नाही." हे नक्की आहे असं दाखवायला माझ्याकडे त्या दिवशी काहीही नव्हतं, तरी मी म्हणालो, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

मग मला राहवेना. मी विचारलं, "त्याला आठवत होतं ना, पत्रात काय लिहिलं होतं ते?"

"पाठ होतं त्यायले पत्र."

"मग प्याला कसा?"

दाराआड त्या रडू लागल्या होत्या. रडतानाच बोलल्या. "मी म्हटलं, अवो, पत्रात नाही म्हणते. त मले म्हणाले, आण तू. अन् पेऊन झाल्यावर म्हणाले, हे अमरावतीले कळवू नोको बरं. बायको वाचली म्हणून लय खुशीत हाय तो."

त्यावर मी ओसरीच्या खांबाला डोकं टेकून मोठ्यानं रडलो, आणि रस्त्यानं जाणारे गाडीवान थांबून पाहू लागले तरी मला थांबता आलं नाही.